लाँग स्नॅपर व्हायचंय: घणसोलीत राहून तयारी कितपत होते?

घणसोली_सेक्टर९
मुलगा अकरावीत आहे. उंची 6 फूट 1 इंच, वजन 88 किलो. अमेरिकन फुटबॉलमधल्या लाँग स्नॅपरच्या, म्हणजे किकच्या वेळी पायांमधून चेंडू लांब मागे देणाऱ्याच्या जागेवर त्याचा डोळा आहे. त्याचं म्हणणं असं की इथे एकच कौशल्य घोटायचं असतं, त्यामुळे उशिरा सुरुवात केली तरी चालतं. या कामात माणूस टिकतो किती आणि मिळकत काय? आणि इथे प्रशिक्षक नसताना सराव कसा करायचा? चेंडू कुठला घ्यावा इथपासून सांगितलंत तरी चालेल.

पंटफॉर्मेशन
ताई, आधी सरावाचं बोलतो.

चेंडू 'ऑफिशियल' आकाराचाच घ्या. मुलांच्या आकारावर शिकला तर पकड चुकीची बसते आणि ती मोडायला फार वेळ जातो. लांबी 11 ते 11.25 इंच, वजन 14 ते 15 औंस, हवा 12.5 ते 13.5 पीएसआय. गेज असलेला बॉलपंप घ्या. सुई ओली करून घाला, नाहीतर वॉल्व्ह फाटतो.

पंटसाठी (चेंडू हातातून सोडून लांब मारायची किक) चेंडू पायांमधून 14-15 यार्ड मागे जातो, फील्ड गोलसाठी (जमिनीवर धरलेला चेंडू गोलखांबांमधून मारायची किक) 7-8 यार्ड. क्रिकेटची जाळी यासाठी उत्तम. स्टंप ते स्टंप 22 यार्ड असतात, त्यातले 7 सोडले की 15 उरले. मागे पंटरच्या कमरेच्या उंचीवर टॉवेल बांधा. पंटर उजव्या पायाचा असेल तर नेम त्याच्या उजव्या कमरेवर.

पावलं खांद्यांपेक्षा थोडी रुंद, दोन्ही एका रेषेत. चेंडू पुढे ठेवायचा, पण त्यावर शरीराचा भार द्यायचा नाही. उजवा हात पास फेकताना असतो तसा लेसवर (चेंडूवरच्या दोरीच्या विणीवर). डावा वरून, शिवणीलगत, फक्त दिशेपुरता. डाव्याने जोर लावला की चेंडू डगमगलाच समजा. हात मांड्यांच्या आतून मागे जातात आणि चेंडू सुटल्यावर तळवे बाहेर वळलेले, बोटं नेमाकडे.

चेंडू डोक्यावरून गेला तर तो उशिरा सुटलाय किंवा कंबर वर उचलली गेलीय. सरपटत गेला तर लवकर सुटलाय किंवा मुलगा टाचांवर बसलाय. सतत एकाच बाजूला जात असेल तर आधी पावलं बघा, हातांना दोष नंतर.

वेळ स्टॉपवॉचवर मोजू नका, अंगठ्याची चूकच मोठी असते. मोबाइलवर 240 फ्रेमचं स्लो-मोशन घ्या आणि चेंडू हलल्यापासून टॉवेलला लागेपर्यंतच्या फ्रेम मोजा. 180 फ्रेम म्हणजे 0.75 सेकंद. व्यावसायिक स्नॅपर त्याच्या आत असतो. सुरुवातीला 220 आल्या तरी चालेल, आधी दिशा बसू दे.

खोपट_३३यार्ड
वर फील्ड गोलचं निसटलं. तिथे वेगापेक्षा फेरे महत्त्वाचे. होल्डरच्या (किकसाठी चेंडू जमिनीवर धरणाऱ्याच्या) हातात चेंडू दर वेळी तेवढेच फेरे घेऊन पोचला, तरच लेस गोलच्या दिशेला येते. लेस किकरच्या पायासमोर आली की होल्डरला चेंडू फिरवावा लागतो, आणि स्नॅप ते किक सगळं मिळून हातात साधारण 1.3 सेकंदच असतात. लेस चुकत असेल तर मनगट बदलू नका, होल्डरला थोडं पुढेमागे सरकवून बघा.

आता करिअर. एनएफएलच्या (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) 53 जणांच्या संघात स्नॅपर बहुतेक एकच, म्हणजे 32 संघांत जेमतेम 32 जागा. ज्याला जागा मिळाली तो सहजी सोडत नाही. शिकागो बेअर्सचा पॅट्रिक मॅनेली 1998 ते 2013 असे 16 हंगाम, 245 सामने खेळला. डॅलस काउबॉइजचा एल. पी. लादुसूर मूळचा मॉन्ट्रियलचा, तो 2005 ते 2020. 2025 मध्ये नवख्या खेळाडूचं किमान वार्षिक वेतन 8,40,000 डॉलर होतं. स्नॅपर त्याच्या फार वर जात नाहीत, क्वार्टरबॅकचे (पास फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचे) आकडे डोक्यातून काढा. ड्राफ्टमध्ये (कॉलेजचे खेळाडू संघांनी आळीपाळीने निवडायची प्रक्रिया) निवड क्वचितच, तीही पाचव्या ते सातव्या फेरीत. बाकीचे ड्राफ्टनंतर करार करून किंवा चाचण्या देऊन आत येतात.

जागा का राखली जाते त्याचं उदाहरण ऑक्टोबर 2008 चं. पिट्सबर्ग स्टीलर्सचा स्नॅपर ग्रेग वॉरन न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध जखमी झाला. त्याच्या जागी उभा राहिला लाइनबॅकर जेम्स हॅरिसन, जो त्याच हंगामात लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. त्याचा स्नॅप पंटरच्या डोक्यावरून थेट एंड झोनबाहेर (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याबाहेर) गेला. याला सेफ्टी म्हणतात, दोन गुण समोरच्या संघाला, आणि सामना 21-14 ने हातचा गेला.

पंटफॉर्मेशन
'एकच कौशल्य' हे मात्र मुलाच्या डोक्यातून काढा. एनएफएलमध्ये पंटला दोन्ही टोकांचे गडी सोडले तर कुणालाही किक होईपर्यंत पुढे धावता येत नाही. म्हणजे स्नॅप टाकून लगेच मान वर, पाय मागे आणि अंगावर येणाऱ्याला अडवायचं, मग 40 यार्ड धावत जाऊन चेंडू घेतलेल्याला टॅकल, म्हणजे धरून पाडायचं. अमेरिकेतल्या कॉलेजच्या नियमात लगेच धावता येतं, म्हणून तिथे हलका स्नॅपर खपतो. पुढे 105-115 किलोची शरीरं लागतात. तेव्हा 88 वर थांबून उपयोग नाही. पण वजन स्क्वॉट-डेडलिफ्टने वाढवा, वडापावने नको.

घणसोली_सेक्टर९
इथे फ्लॅग फुटबॉल (टॅकलऐवजी कमरेची पट्टी ओढायचा प्रकार) खेळला तर फायदा होईल का? आणि कॉलेजचं काय?

खोपट_३३यार्ड
फ्लॅग 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे खरा, पण त्यात किक आणि पंटच नाहीत. धावणं आणि झेल सुधारतील, स्नॅपरची जागा तिथे नाही.

कॉलेजसाठी व्हिडिओ लागतो, तोही न कापलेला: सलग 10 पंट स्नॅप, एकदा मागून आणि एकदा बाजूने. निवडून जोडलेली क्लिप प्रशिक्षक लगेच ओळखतात. एनसीएएच्या (तिकडची कॉलेज खेळांची संघटना) डिव्हिजन 1 या सर्वात वरच्या पातळीसाठी नववी ते बारावीचे 16 मुख्य विषय मोजले जातात, तेव्हा नववी-दहावीच्या गुणपत्रिका आत्ताच जपून ठेवा. बरेच स्नॅपर शिष्यवृत्तीशिवाय 'वॉक-ऑन' म्हणून जातात आणि ती नंतर मिळाली तर मिळाली. फीचा हिशेब तोच धरून करा.

पंटफॉर्मेशन
जून ते सप्टेंबर सराव बंद ठेवू नका, तिकडेही पावसात सामने होतात. बादलीत बुडवलेल्या चेंडूने थोडे स्नॅप रोज, पण त्यासाठी सिंथेटिक चेंडू वेगळा ठेवा. चामड्याचा ओला चेंडू पिशवीत बंद केला तर आपल्याकडच्या दमट हवेत काही दिवसांत बुरशी धरते. पंख्याखाली वाळवा, उन्हात नको, आणि मग कोरड्या ब्रशने घासा.