मदत हवी आहे: बँडसॉची मोटर संध्याकाळी पिकअप घेत नाही

पांगारा

नमस्कार मंडळी,

कुडाळजवळ आमचं लहानसं लाकूडकाम आहे. पाट, चौरंग आणि लाकडी खेळण्यांसाठी कापून दिलेले आकार, एवढंच. मामांनी त्यांचं वर्कशॉप बंद केलं तेव्हा त्यांचा १८ इंची बँडसॉ (दोन चाकांवर पट्ट्यासारखं पातं फिरवणारी करवत) आमच्याकडे आला. बिडाची जुनी बॉडी, चाकंही बिडाची, वजनदार. मोटर सिंगल फेज, २ एचपी, १४४० आरपीएम. मोटरवर ४ इंची पुली, खालच्या चाकाच्या शाफ्टला ८ इंची.

सकाळी मशीन झकास चालतं. दिवेलागणीनंतर मात्र मोटर नुसती घूंऽऽ करते, चाकं आळसावल्यासारखी फिरतात, वेग येतच नाही आणि एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) पडतो. बेल्ट हाताने ओढून दिला की कधीकधी उचलते.

घरातल्या बोर्डापासून शेडपर्यंत साधारण ३० मीटर अंतर, १.५ चौरस मिमीची तांब्याची वायर. स्टार्टर नाही, जुना खटक्याचा लोखंडी मेन स्विच आहे. मोटर भरणारे म्हणतात ३ एचपी बसवा. शेजारचे सुतारकाका म्हणतात पातं फार ताणलंय. कोणाचं ऐकू?

ओहमकार

आधी एक सांगतो, बाकी सगळं नंतर. बेल्ट हाताने ओढणं आजपासून बंद. मोटरने वेग धरला की बोट पुली आणि बेल्टच्या मध्ये जायला क्षणही लागत नाही, आणि तिकडे पातंही फिरायला लागलेलं असतं.

आता मोटरकडे येऊ. सिंगल फेज मोटरला दोन वाइंडिंग असतात. एक कायमचं, दुसरं फक्त सुरुवातीला ढकलायला; त्याच्याच जोडीला कपॅसिटर. मोटर साधारण पाऊण वेगाला पोचली की आतला सेंट्रीफ्यूगल स्विच हे दुसरं वाइंडिंग तोडतो. तुमची मोटर तिथपर्यंत पोचतच नाही, म्हणजे जे वाइंडिंग काही सेकंदांपुरतं बनवलंय ते चालूच राहतं आणि तापतं. मोटरी जळतात त्या अशाच. तीन-चार सेकंदांत वेग आला नाही तर लगेच बंद करायची. लागोपाठ पुन्हा-पुन्हा चालू करून बघायचं नाही, कपॅसिटर फुटतो.

व्होल्टेज कमी झालं की मोटरची ताकद त्याच प्रमाणात नाही, वर्गाच्या प्रमाणात घटते. २३० ऐवजी १८० मिळाले तर ताकद उरते जेमतेम ६१ टक्के. त्यात तुमची वायर. १.५ ची तांब्याची वायर किलोमीटरला साधारण १२ ओहम. जाऊन-येऊन ६० मीटर म्हणजे ०.७ ओहम. सुरू होताना ही मोटर चाळीस-पन्नास अँपिअर ओढते, म्हणजे ३० व्होल्टच्या आसपास नुसते वायरीतच संपतात. बोर्डावर १८० असतील तर मोटरपर्यंत दीडशे. ताकद निम्म्याहून कमी, आणि फिरवायची आहेत बिडाची चाकं!

३ एचपी बसवलीत तर सुरुवातीचा करंट आणखी वाढेल, वायरीत आणखी व्होल्ट जातील. दुखणं तेच, बिल मोठं.

रंधा

सुतारकाकांना अगदीच मोडीत काढू नका. मेन बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि बेल्ट उतरवा. वरचं-खालचं चाक हाताने फिरवून बघा (पात्याला हात लावायचा नाही, चाकाच्या आऱ्या धरा). सहज फिरून हळूहळू थांबलं पाहिजे. खरखर आली तर बेअरिंग. पात्यामागची बेअरिंग रिकामं मशीन चालताना पात्याला टेकता कामा नये. लाकूड दाबलं की मगच टेकली पाहिजे. अति ताणलेलं पातं बेअरिंग आणि वरचा शाफ्ट खातं हे खरं, पण मोटर रोज ठरावीक वेळेलाच अडत असेल तर पात्याला घड्याळ कळत नाही, एवढं तर मान्य कराल.

दुसरी परीक्षा: बेल्ट उतरवलेलाच ठेवून संध्याकाळी नुसती मोटर चालू करा. रिकामीही उचलली नाही तर कपॅसिटर किंवा सेंट्रीफ्यूगल स्विचचे पॉइंट. उघड्या बॉडीच्या मोटरीत बारीक भुसा जाऊन हे पॉइंट हमखास खराब होतात. कपॅसिटर हाताळण्याआधी तो डिस्चार्ज करून घ्या, वीज तोडल्यावरही तो झटका देतो.

कोणी पुली बदलायला सांगेल, ऐकू नका. १४४० ला ४ आणि ८ ची पुली म्हणजे चाक ७२० फेरे. १८ इंची चाकाचा घेर १.४४ मीटरच्या आसपास, म्हणजे पातं मिनिटाला हजार मीटरहून थोडं जास्त पळतं. लाकडाला उत्तम. याच मशीनवर कोणी लोखंडी पट्टी घेऊन आला तर हाकलून द्या. लोखंडाला मिनिटाला शंभर मीटरच्या आतलाच वेग लागतो.

पांगारा

खूप आभार. बेल्ट काढून संध्याकाळी मोटर चालवली, व्यवस्थित उचलते. चाकंही मोकळी आहेत. वायरमनने मीटर लावला: बोर्डावर १८४, बेल्ट चढवून सुरू करताना मोटरच्या टर्मिनलवर १५२. हिशोब जुळला की हो!

वायरमन म्हणतो १६ अँपिअरचा एमसीबी काढून ३२ चा टाकू, पडणार नाही. आणि स्टार्टर घ्यावा का?

ओहमकार

३२ चा अजिबात नको. एमसीबी वायर वाचवायला असतो. १.५ च्या वायरीवर ३२ टाकला तर एमसीबी पडणार नाही, छपरातली वायर जळेल. त्याऐवजी त्याच्यावर बी लिहिलंय की सी ते बघा. बी असेल तर तो तिप्पट ते पाचपट करंटला झटकन पडतो. सी पाचपट ते दहापटीला. मोटरला सी हवा.

वायर ४ चौरस मिमीची टाका, वायरीतली घट साधारण ३८ टक्क्यांवर येईल. शक्य असेल तर थ्री फेज कनेक्शन आणि थ्री फेज मोटर हा कायमचा उपाय. त्यात कपॅसिटर आणि आतला स्विच ही भानगडच नाही. फक्त तिथे एक फेज गेला तर मोटर जळू नये म्हणून सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर हवाच.

स्टार्टर तर घ्याच. ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की तोडणारा) आणि नो-व्होल्ट कॉइल असलेला डीओएल, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करणारा साधा स्टार्टर. खटक्याच्या स्विचचा धोका असा की वीज जाते, तुम्ही पात्याजवळचा तुकडा काढायला हात घालता, आणि वीज येते. नो-व्होल्ट कॉइल असेल तर हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. पण क्रम चुकवू नका. आधी वायर, मग स्टार्टर. टर्मिनलला १५० व्होल्ट असताना कॉइल धरत नाही, कटकट वाजत राहते आणि कॉन्टॅक्ट जळतात. मोटर आणि मशीनची बॉडी, दोन्हींना अर्थिंग.

भुसभुशीत

चालवण्याबद्दल थोडं. पूर्ण वेग आल्याशिवाय लाकूड पात्याला लावायचं नाही. वरचा गाइड (पातं सरळ धरणारा भाग) लाकडाच्या वर बोटाच्या अर्ध्या जाडीइतका, जास्त उघडं पातं ठेवू नका. हातमोजे घालायचे नाहीत, पात्यात अडकून हातच ओढला जातो. गोल ओंडका तसाच दाबू नका, तो गरकन फिरतो. व्ही खाचेच्या ठोकळ्यात बसवा. एका लयीत टकटक आवाज आला तर पात्याचा सांधा तडकलाय, ताबडतोब बंद करा. पातं तुटलं तरी आधी मेन, चाकं पूर्ण थांबल्यावरच दार उघडायचं. बिडाची चाकं बराच वेळ फिरत राहतात.

आणि मोटरच्या पंख्याच्या जाळीवरचा भुसा रोज झटका.

पांगारा

वायर आणायला सांगितली. एमसीबी बी निघाला, तोही बदलतो. शेवटचं विचारतो: नेमप्लेट अर्धी झिजलीय, करंटचा आकडा दिसत नाही. ओव्हरलोड रिले किती अँपिअरवर लावू?

ओहमकार

२ एचपी सिंगल फेजला साधारण १० ते ११ अँपिअर. १० वर लावा. नवी वायर झाल्यावर क्लॅम्प मीटरने फळी चिरताना करंट बघा. फणसाचं जाड लाकूड चिरताना रिले पडला तर आधी पात्याची धार तपासा. धार चांगली असूनही पडला तरच अर्धा अँपिअर वर सरका, ११ च्या पुढे नाही.