गजकर्णावर क्रायोथेरपी (गोठवण्याचा उपचार): कुणी करून घेतली आहे का?

मांडवलीकर: जांघेत गजकर्ण झालंय, चार महिने झाले. मलम लावलं की आठवड्यात गायब, सोडलं की दुप्पट जोमाने हजर. भावाच्या बोटावरचा चामखीळ द्रव नायट्रोजनने दोन खेपांत गेला. तसंच इथे गोठवून टाकलं तर? कुठे जावं, काय विचारावं, सुचवा.

पाटीपेन्सिल: करू नका. माझ्या दंडावरचं गजकर्ण चामखीळ समजून एका ठिकाणी गोठवलं. संध्याकाळी टपोरा फोड, मग काळी खपली. खपली पडल्यावर खाली पांढरा गोल डाग, आणि त्याच्या कडेकडेने गजकर्ण आपलं निवांत पुढे सरकतंय! रंग अजून पूर्ण भरलेला नाही.

हिरवीबुरशी: गजकर्ण म्हणजे बुरशीच. मी बुरशीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे प्रश्न वाचून हसू आलं (राग मानू नका). बुरशीचे नमुने वर्षानुवर्षं जिवंत राहावेत म्हणून आम्ही ते ग्लिसरॉलमध्ये (ते गोठताना पेशींना वाचवतं) घालून द्रव नायट्रोजनमध्येच ठेवतो. उणे १९६ अंश. बाहेर काढून खाद्यावर टाकले की उगवतात. त्वचेवर ग्लिसरॉल नसतं हे मान्य, पण थंडीला आधी बळी पडतात त्या आपल्या रंगपेशी. पांढरा डाग त्यामुळेच.

त्वचावाला: चामखीळ विषाणूचा असतो आणि एका जागी बसलेला असतो, म्हणून तो गोठवता येतो. गजकर्ण कातडीच्या वरच्या मृत थरात आडवं पसरतं. दिसतं त्याच्या पलीकडेही असतं. किती गोठवणार? त्यात जांघेची कातडी नाजूक.

बुरशीसाठी क्रायो अजिबात नाही असं मात्र नाही. क्रोमोब्लास्टोमायकोसिस नावाचा खोलवरचा आजार आहे. काटा किंवा लाकडाची कूस रुतून मातीतली बुरशी आत जाते, आणि बऱ्याच काळाने पायावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी खडबडीत वाढ दिसते. तिथे लहान गाठी गोठवतात, पण बहुतेकदा सोबत इट्राकोनॅझोल या बुरशीविरोधी औषधाच्या गोळ्या महिनोन्‌महिने असतात. तुमचं ते नाही.

आता माझा प्रश्न: ट्यूबवर नाव काय आहे? लावलं की गायब, सोडलं की हजर, हे ऐकून शंका येते.

मांडवलीकर: आत्ता ट्यूब उलटी करून पाहिली. बारीक अक्षरांत क्लोबेटासोल.

त्वचावाला: वाटलंच. ते जोरदार स्टिरॉइड आहे. खाज आणि लाली दबते, बुरशी आत मजेत वाढते. त्वचारोगतज्ज्ञांकडे ट्यूब घेऊनच जा, लपवू नका. कडेची खरवड घेऊन केओएच तपासणी (सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का ते पाहणं) कराल का, असं विचारा. पुढे मलम की गोळ्या, ते ठरवतील. औषध मात्र सांगितलेले दिवस पूर्ण घ्या, खाज थांबली म्हणून सोडू नका.

पाटीपेन्सिल: आणि घरात आणखी कुणाला आहे का ते बघा. आमच्याकडे टॉवेल एकच होता.

मांडवलीकर: बायकोच्या पोटावर एक चकंदळ आहे. दोघांचीही वेळ घेतो.