१९६५ ची फोर्ड मस्टँग डिअरबॉर्नच्या कारखान्यातून निघाली तशीच करायची, ड्रम ब्रेकसकट. पटतंय का?

नोव्हायकर
मिशिगनमधल्याच एका निवृत्त गृहस्थांकडून १९६५ ची मस्टँग हार्डटॉप (पक्क्या छताची साधी) घेतली आहे. गाडी आज लाल दिसते, पण चालकाच्या दारावरच्या पट्टीवर रंगाचं अक्षर आहे 'एम', म्हणजे विम्बल्डन व्हाइट. गाडीचा कारखान्यातला नंबर ५एफ०७सी ने सुरू होतो: सन १९६५, डिअरबॉर्नचा कारखाना, हार्डटॉप, २८९ घनइंची व्ही-८, दोन बॅरलचा कार्ब्युरेटर, २०० अश्वशक्ती.

माझं मत असं की करायचीच तर पूर्ण फॅक्टरीसारखी करावी. पांढरा रंग, १४ इंची चाकं, बायस-प्लाय (आडव्या-तिडव्या थरांचे, जुन्या पद्धतीचे) टायर, चारही चाकांना ड्रम ब्रेक. इंजिन काळं आणि त्यावर सोनेरी व्हॉल्व्ह कव्हर, सोनेरी एअर क्लीनर. (इंजिनाला निळा रंग १९६६ च्या मॉडेलपासून आला, तरी ६५ ची कितीतरी इंजिनं लोकांनी हौसेने निळी करून ठेवलीत.) आणि गाडीचा तळ चकचकीत करायचा नाही. कारखान्यात तळाला प्रायमर मारत, सांध्यांवर ब्रशने सीलंट फासत, बॉडीचा रंग मारताना जो काही उडून कडांवर बसेल तो बसेल. आज लोक तळात तोंड बघता येईल इतका घासतात आणि म्हणतात, 'फॅक्टरी कंडिशन'. त्या कारखान्यात अशी गाडी कधी बनलीच नव्हती.

ज्यांना फोर्डचं नवं कोयोट इंजिन, एसी आणि १८ इंची चाकं हवीत त्यांनी सरळ नवी मस्टँग घ्यावी, शोरूममध्ये मिळते. जुनी घ्यायची ती १९६५ साली गाडी चालवणं म्हणजे काय हे हातापायांना कळावं म्हणून. तुमची मतं सांगा. बायकोचं आधीच कळलंय.

पाना_पक्कड
रंग हवा तो द्या. ब्रेकबद्दल मात्र अजिबात सहमत नाही. ६५ च्या मास्टर सिलिंडरला (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलात पोचवणारा भाग) एकच सर्किट असतं. कुठेही एक पाइप फुटला किंवा एक व्हील सिलिंडर गळला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पेडल थेट जमिनीला. फोर्डने स्वतःच १९६७ च्या मस्टँगला दोन सर्किटं दिली आणि १९६८ पासून अमेरिकेत कायद्याने सक्ती झाली. शिवाय स्टिअरिंगचा दांडा अखंड, चालकाच्या छातीवर रोखलेला. पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा हाच डिकीचा तळ. मागून कोणी ठोकलं तर टाकी आणि मागे बसलेली पोरं यांच्यामध्ये फक्त सीट.

१९६५ साली रस्त्यावर कितीतरी गाड्या अशा होत्या. आज तुमच्या पुढचा पिकअप एबीएसवर जागच्या जागी उभा राहतो आणि तुम्ही ड्रम तापवत त्याच्या मागे येता.

सॅन_होजेचा_सदा
यात मधला रस्ता आहे, तोही फोर्डनेच दिलेला. १९६५ मध्ये पुढच्या चाकांना केल्सी-हेज कंपनीचे चार पिस्टनवाले डिस्क ब्रेक ऑप्शन म्हणून मिळत. ते बसवा. गाडी त्याच काळातली राहील आणि थांबेलही.

नोव्हायकर
सदा, माझ्या गाडीला ते नव्हते. त्या साली जे जे मिळत होतं ते सगळं लावत गेलो तर गाडी राहणार नाही, तिचा कॅटलॉग होईल.

चिकित्सक
नव्हते हे कशावरून ठरवलंत? दारावरच्या पट्टीवर बॉडी, रंग, आतली सजावट, तारीख, विक्री-विभाग, अॅक्सल आणि गिअरबॉक्स एवढंच असतं. ब्रेकचं नाव नाही, रेडिओचं नाही. १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची कारखान्यातली नोंद मार्टी रिपोर्टमधून मिळते, ६५-६६ ची तशी नोंद उपलब्ध नाही. म्हणजे तुम्ही ज्याला 'माझी गाडी निघाली तशी' म्हणताय त्यातला बराच भाग अंदाज आहे. अंदाजाला अंदाज म्हणा, माझी हरकत नाही.

नोव्हायकर
पट्टीवर नाही, पण गाडीवर आहे. डिस्कवाल्या गाडीत मागच्या ब्रेकलाइनवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह असतो. माझ्या गाडीत तो नाही, आणि ती लाइन कोणी बदललेली दिसत नाही. पुरावा लेखीच असावा असं थोडंच आहे.

मेघना_ओहायो
मला तर मुळात रिस्टोरेशनच खटकतं. हॉलिवूड नट स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर पळवलेली हिरवी १९६८ ची मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडात लिलावाला आली. रंग विटलेला, पोचे तसेच, कुठे कुठे गंज. बोली लागली ३४ लाख डॉलरची. कॅलिफोर्नियातल्या पेबल बीचच्या जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत २०२४ चं सर्वोच्च बक्षीस एका बुगाटीला मिळालं, आणि ती जतन केलेल्या, म्हणजे नवी न केलेल्या गाड्यांच्या वर्गातली होती. त्या वर्गातल्या गाडीला पहिल्यांदाच तो मान मिळाला. जग रंग खरवडण्याकडून जपण्याकडे चाललंय आणि आपण अजून 'चकचकीत की कमी चकचकीत' यावर भांडतोय. गाडी मूळ स्थितीत एकदाच असते.

पाना_पक्कड
मॅक्वीन बसला म्हणून पोचे विकले गेले हो. नोव्हायकरांच्या गाडीत कोण बसलं होतं? आणि ती आधीच एकदा लाल झाली आहे. मिशिगनच्या रस्त्यांवरचं मीठ खाल्लेल्या गाडीला लाल रंगाखाली किती लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरली असेल ते चुंबक फिरवून बघा. जपायचं काय, लांबी?

मेघना_ओहायो
लाल रंग नका जपू, पण उरलेलं जपा. सीटचं रेक्झिन फाटलं नसेल तर नवं कव्हर का? फ्लोअरला हातभर भोक असेल तर हातभर पत्रा जोडा, अख्खं नवं फ्लोअर मागवू नका. आता मस्टँगची पूर्ण बॉडीच नवी विकत मिळते. त्यात जुन्या गाडीचं इंजिन आणि नंबर टाकला की झाली 'फॅक्टरी कंडिशन'. तुमची तिथपर्यंत जाऊ नये एवढंच.

स्प्लिट_विंडो
मी नोव्हायकरांच्या बाजूने. शेवरोलेच्या १९६३ च्या कॉर्व्हेट कूपेची मागची काच मधल्या पट्टीने दुभागलेली होती. मागचं नीट दिसत नाही अशी तक्रार होती, म्हणून १९६४ ला कंपनीने अखंड काच दिली. लगोलग ६३ वाल्या कितीतरी मालकांनी ती पट्टी कापून ६४ ची काच बसवून घेतली. शहाणपणाचं, सुरक्षित, सोयीचं काम! आज संग्राहकांना नेमकी ती पट्टीच हवी असते आणि कापलेल्या गाड्यांत ती परत बसवताना लोकांचे डोळे पांढरे होतात. 'सुधारणा' करणाऱ्याला आपण सुधारतोय असंच वाटत असतं.

कॉर्व्हेटवाल्यांची एनसीआरएस ही संस्था १९७४ पासून याच तत्त्वावर गुण देते: गाडी सेंट लुइसच्या कारखान्यातून निघाली तशी हवी, तिथल्या कामातल्या उणिवांसकट. जास्त गुळगुळीत रंगाला गुण वाढत नाहीत, कापले जातात.

चिकित्सक
आणि याच गुणांपायी इंजिन ब्लॉकवरचे आकडे घासून नवे ठोकणारेही तयार झाले. 'मॅचिंग नंबर'ला (इंजिनावरचा नंबर गाडीशी जुळण्याला) जितका भाव, तितके नंबर जुळवणारे जास्त.

शिवडी_ते_सायन
अमेरिकेत बसून 'फॅक्टरी' म्हणणं सोपं आहे. जनरल मोटर्सने १९२८ ते १९५४ आमच्या शिवडीत शेवरोले जोडल्या. त्यातली एखादी आज कोणी नीट करायला घेतली तर मॅन्युअल अमेरिकेतलं उघडतात आणि शिवडीत काय होत होतं ते कोणी विचारत नाही. पुढे पेट्रोल परवडेना तेव्हा मुंबईत अशा थोराड अमेरिकन गाड्यांत लोकांनी डिझेल इंजिनं बसवली. गाडी धडधडायची, पण भंगारात गेली नाही. आता हौशी मालक येतो, डिझेल उपटून फेकतो, परदेशातून सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन आणतो. ज्या इंजिनाने गाडी जगवली त्याला गाडीच्या इतिहासात जागाच नाही? निदान एक फोटो तरी ठेवा म्हणावं.

स्प्लिट_विंडो
फोटो ठेवावा, इंजिन नाही. डिझेल ही गरज होती, आवड नव्हे. ज्याने बसवलं त्यालाही पेट्रोल परवडलं असतं तर त्याने बसवलं नसतं.

सॅन_होजेचा_सदा
पैशाचं कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. त्या मॉडेल-वर्षात सहा लाख ऐंशी हजारांवर मस्टँग बनल्या आणि त्यात पाच लाखांहून जास्त हार्डटॉप होत्या. तुमची २७१ अश्वशक्तीची के-कोड नाही, फास्टबॅक (मागे उतरत्या छताची) नाही, कन्व्हर्टिबल नाही. नुसतं पत्राकाम आणि रंग यातच गाडीच्या किमतीपेक्षा जास्त जाईल. लाल ठेवलीत तर विकताना गिऱ्हाईक तरी लवकर मिळेल.

नोव्हायकर
पैसे वाढवायला माझ्याकडे म्युच्युअल फंड आहे. आणि पाच लाख बनल्या हेच तर कारण आहे. फास्टबॅक आणि के-कोड जपायला शंभर जण बसलेत. साध्या माणसाने हप्त्यावर घेतलेली साधी पांढरी हार्डटॉप आहे तशी कोण ठेवतंय? सगळ्या लाल होतात नाहीतर पट्टेवाल्या होतात.

पाना, मास्टर सिलिंडरचं मान्य. फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर) त्याच दोन बोल्टवर दोन सर्किटचा बसतो, पाइप थोडे बदलावे लागतील. मूळचा तेल लावून डब्यात ठेवतो. ड्रम राहणार. टायरही बायस-प्लायच.

स्प्लिट_विंडो
प्रदर्शनातले परीक्षक बॉनेट उघडताक्षणी गुण कापतील.

पाना_पक्कड
कापू देत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळची जुन्या गाड्यांची फेरी) नेणार असाल तर तिथल्या गर्दीत दर मिनिटाला ब्रेक लागतो, गुणांनी गाडी थांबत नाही. दांड्याचं आणि टाकीचं मात्र तुम्ही काहीच बोलला नाहीत. टाकी आणि मागची सीट यांच्यामध्ये पोलादी पत्रा लावता येतो, बाहेरून दिसतही नाही.

नोव्हायकर
दिसत नसेल तर लावतो. दांडा राहू दे.

मेघना_ओहायो
रंगाचं ठरवण्याआधी काऊल तपासा, म्हणजे काचेखालची हवेची पेटी. गालिचा उचला, वरच्या जाळीतून बादलीभर पाणी सोडा आणि आतून टॉर्च मारा. डॅशबोर्डखालून पाणी टपकलं तर तो भाग काढायला वेल्डिंगचे ठिपके एकेक करून ड्रिलने सोडवावे लागतात, आणि ते काम रंगाआधीच व्हायला हवं. दाराच्या फटीतला लाल रंगही जरा खरवडून बघा, खाली मूळ पांढरा कितपत शिल्लक आहे ते इथे सांगा.