इंटर्नशिपचा टेक्निकल फोन राऊंड : तुम्ही तयारी कशी केलीत?

धाकट्या बहिणीला इंटर्नशिपसाठी पहिला टेक्निकल कॉल आलाय. ४५ मिनिटं, समोर चेहरा नाही. फक्त आवाज आणि दोघांना दिसणारी एक कोरी फाइल. रोज कोडिंगचे प्रश्न सोडवते, पण बोलायची वेळ आली की गप्प होते. ज्यांनी असे राऊंड दिलेत त्यांनी सविस्तर लिहा. फसलं असेल तर तेही.

सांगलीहून
मीही गप्पच व्हायचो. पहिल्या कॉलवर इतका वेळ विचार करत राहिलो की पलीकडून दोनदा "हॅलो, आहात ना?" आलं. उत्तर बरोबर निघालं, निवड झाली नाही. मग रूममेटने उपाय काढला. तो माझ्याकडे पाठ करून बसायचा आणि मी तोंडाने बोलेन तेवढंच वहीत उतरवायचा. मी म्हणालो, "मग तो पुढे सरकतो." त्याचं पेन थांबलं. "तो म्हणजे कोण? आय का जे?" (यादीतली जागा दाखवणारी दोन नावं.) माझ्या डोळ्यांसमोर सगळं स्वच्छ होतं, त्याच्या वहीत काहीच नव्हतं. महिनाभर रात्री जेवणं झाली की एक प्रश्न. आधी मराठीत बोलायचो, लॉजिक पक्कं झालं की तेच इंग्रजीत. मराठी माध्यमातून आलेल्यांनी हे जरूर करा, दोन्ही ओझी एकदम उचलू नका.

पुण्याहून
सोपं उत्तर आधी सांगून टाकावं, आणि ते का पुरत नाही हे आकड्यांत सांगावं. ठरावीक बेरीज होणारी जोडी शोधायची असेल आणि यादीत १ लाख आकडे असतील, तर जवळपास ५०० कोटी जोड्या तपासाव्या लागतात. हॅशमॅप (आधी पाहिलेले आकडे साठवून चटकन शोधून देणारी रचना) घेतला की एका फेरीत काम होतं. पण त्याआधी यादी क्रमाने लावलेली आहे का, हे विचाराच. असेल तर दोन टोकांकडून आत येता येतं, जादा मेमरीही लागत नाही. मी न विचारताच कोड लिहायला घेतला होता.

नाशिकहून
त्या फाइलमध्ये कोड रन होत नाही. हाताने ड्राय रन करायची, म्हणजे कोड ओळीओळीने स्वतः चालवून बघायची सवय लावा: रिकामी यादी, एकच आकडा, दोन आकडे. बायनरी सर्चमध्ये (क्रमाने लावलेली यादी दरवेळी अर्धी करत शोधताना) मधली जागा काढायला दोन टोकांच्या क्रमांकांची बेरीज करून निम्मं केलं, तर ३२ बिटांच्या आकड्यात २१४ कोटींच्या पुढे ती बेरीज ओव्हरफ्लो होते, म्हणजे मावत नाही आणि चुकीची येते. जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या लायब्ररीतही (तयार कोडच्या संग्रहात) ही चूक कित्येक वर्षं होती. २००६ मध्ये तो कोड लिहिणाऱ्या जोशुआ ब्लॉख यांनीच त्यावर लिहिलं.

ठाण्याहून
कॉल अमेरिकेतून असेल तर वेळ त्याच आठवड्यात पुन्हा तपासा. मार्चमध्ये तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात. कॅलिफोर्नियातले सकाळचे १० म्हणजे आपले रात्रीचे ११:३०, ते १०:३० झाले होते. फोन वाजला तेव्हा मी ताटावर होते.

धागाकर्ती
काल रात्री मी बहिणीकडे पाठ करून वही घेऊन बसले. पहिल्याच प्रश्नात पेन तीनदा थांबलं. आज पुन्हा बसतोय.