मदत हवी आहे : नको असलेली आठवण मनाबाहेर ठेवता येते का?

गेल्या वर्षी वडील गेले. अतिदक्षता विभागातल्या यंत्राचा तो एकसुरी ‘टूं टूं’ आवाज रात्री दिवा मालवला की अजूनही कानात सुरू होतो, आणि तो थोपवायला जावे तर उशीखालची मूठ आवळली जाते, आवाज मात्र वाढतच जातो.

मानसशास्त्रज्ञ डॅनियल वेग्नर यांच्या १९८७ च्या प्रयोगात पांढऱ्या अस्वलाचा विचार टाळायला सांगितलेल्यांच्या मनात ते वारंवार आले, आणि मोकळीक मिळताच आणखी उसळून आले. याउलट अँडरसन व ग्रीन या मानसशास्त्रज्ञांच्या २००१ च्या प्रयोगात, जोडीतला एक शब्द डोळ्यांसमोर असताना दुसरा मनात येऊ न देण्याचा सराव १६ वेळांपर्यंत करणाऱ्यांना तो पुढे कमी आठवला. माझ्या मते फरक इथेच असावा: तिथे नजर आठवण जागवणाऱ्या खुणेवर स्थिर होती. माझ्या बाबतीत मात्र खूण म्हणजे शांतताच आहे.

प्रत्याहाराचा (योगातील इंद्रिये विषयांपासून आत वळवण्याचा) किंवा ध्यानाचा नियमित अभ्यास असणाऱ्यांनी, तसेच मानसोपचार क्षेत्रातील जाणकारांनी कृपया सांगावे: अशा वेळी आवाज येऊ द्यावा, की लक्ष श्वासावर वळवावे? आणि वळवलेले लक्ष तिथे टिकावे म्हणून आपण नेमके काय करता?