संडरलँडने ब्रेक्झिटला मत का दिलं असेल?

एक कळत नाही राव, इंग्लंडच्या ईशान्येकडच्या संडरलँडला निस्सानचा मोटार कारखाना १९८६ पासून आहे, बहुतेक गाड्या बाहेर आणि त्यातही जास्त युरोपात जातात, तरी २०१६ ला तिथल्या ६१ टक्के मतदारांनी युरोपियन युनियन सोडायचं म्हटलं. हा पायावर धोंडाच ना?

खडूस_काका: कारखाना अख्ख्या गावाला पोसत नाही हो. जहाजबांधणी १९८८ लाच संपली, शेवटची कोळसा खाण १९९३ ला बंद. मग लंडनवाले टीव्हीवर जीडीपी पडेल जीडीपी पडेल करून घाबरवतायत तर माणूस म्हणणारच, तुमचा जीडीपी, आमचं काय जातंय.

रेवा: पण सत्ता परत स्थानिकांकडे आणू म्हणत होते ना ब्रेक्झिटवाले, मग स्थानिक म्हणजे नक्की कोण? स्कॉटलंडने ६२ टक्के राहूया म्हटलं, त्यांचं कोणी ऐकलं? सत्ता ब्रसेल्सहून (युनियनच्या मुख्यालयातून) निघाली ती वेस्टमिन्स्टरलाच (लंडनच्या संसदेतच) अडकली, संडरलँडच्या कौन्सिलला काय मिळालं? घंटा.

लीड्सकर: इथे राहतो म्हणून सांगतो, २०२१ पासून व्हिसाचे नियम बदलले, युरोपातून येणारे घटले पण भारत, नायजेरियातून स्टुडंट, नर्स भरपूर आले, त्यात आपली मराठी पोरंपण. ज्यांना बाहेरचे कमी हवे होते ते आता अजून भडकलेत.

खडूस_काका: @रेवा घंटा बरोबर आहे. पण राग खोटा नव्हता एवढंच म्हणतोय.