मदत हवी आहे : लॅपटॉप विंडोजवर धाडकन बंद, उबुंटू लिनक्सवर चालू

नमस्कार मंडळी, मी भुसावळहून. इथला मे तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या आसपास आणि कूलरही गरम हवाच फेकतो.

लॅपटॉप बहिणीचा, प्रोजेक्ट तोंडावर आलाय. विंडोज ११ वर व्हिडिओ कॉल लावला की पंखा घोंघावतो, कीबोर्डची डावी बाजू बोटांना चटके देते आणि स्क्रीन एकदम काळी. एररची निळी स्क्रीन येत नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या नोंदींत) फक्त ‘कर्नल-पॉवर ४१’, म्हणजे नीट शटडाऊन न होता बंद पडला. कारण त्यावरून कळत नाही.

त्याच मशीनवर उबुंटूत ‘सेन्सर्स’ कमांड तापमान ९० अंशांच्या घरात दाखवते, पण लॅपटॉप नुसता मंदावतो. रॅम मेमटेस्टमध्ये पास. जाळीतली धूळ ब्लोअरने काढली, फरक नाही.

दुकानदार मदरबोर्ड बदला म्हणतो, मला ते पटत नाही. थर्मल पेस्ट (चिपची उष्णता बाहेर न्यायला लावलेला लेप) वाळली असावी. पण वेगळं ग्राफिक्स कार्ड आहे, उबुंटू ते वापरतच नसेल तर? ते कसं तपासू? आणि विंडोजमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करून टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद ठेवला, तर दोष प्रोसेसरच्या उष्णतेचा की ग्राफिक्सचा हे कळेल का?

जळगाव-भुसावळकडे पेस्ट नीट बदलून देणारं कुणी असेल तर तेही सांगा.